भिंतीपलीकडच्या मामास, गाडीच्या पंपाबाबत

पूज्य जंगूमामा यांस दिनेशचा सेवा जोहार.

होळीनंतरच्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, धानोऱ्याच्या अलीकडच्या वळणावर आपला ट्रक बंद पडला, आणि त्या घटकेपासून माझं काहीच पहिल्यासारखं राहिलं नाही. पण ते पुढे येईलच. आधी रीतीप्रमाणे आपली तब्येत. ती बरी असावी असा माझा अंदाज आहे, कारण हा कागद पुढे ओढल्यापासून भिंतीपलीकडून आपल्या दोन शिंका, एक जांभई आणि कंबरेचा पट्टा सोडल्याचा चर्र आवाज एवढं मले ऐकू आलं. (पट्टा सोडू नका. डॉक्टरनं दुपारपर्यंत बांधून ठेवायला सांगितला आहे.) नीलामामींची तब्येत उत्तम आहे, त्या चुलीपाशी बसून माझ्याकडे पाहून हसून राहिल्या आहेत. माझी तब्येत आपण विचारणार नाही हे माहीत आहे, तरी सांगतो: दोन दिवसांपासून जेवण जात नाही, डोळ्याला डोळा लागत नाही, आणि मी अतिशय मजेत आहे.

एकाच घरात राहून पत्र कायले, तर त्याचं कारण आपल्याला ठाऊक आहे, पण पत्रात कारण लिहावं लागते म्हणून लिहितो. दहा दिवसांपूर्वी आपण "आजपासून मी तुह्या तोंडाले लागणार नाई" म्हणून भिंतीकडे तोंड करून झोपलात. मीही काही कमी नाही, मी "मले तरी कुठी हौस हाय" म्हणून दार आपटलं. तेव्हापासून मामी मधात. "त्याले म्हना, चावी खुंटीले लाव." "मामाले सांगा, लावली." अंतर आठ फूट. शेवटी काल मामींनी पळी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "मी काय पोस्टमन हाव का? ज्याले जे सांगाचं हाय ते कागदावर लिहा. मी चहासंगं नेऊन देते." म्हणून हे पत्र. शिवाय पत्राचा एक फायदा असा की तोंडानं बोललो की माझं डोकं तापते आणि डोकं तापलं की दार आपटलं जाते (वरच्या बिजागरीचा स्क्रू कॉलेज सोडून आलो त्या दिवशी माझ्याच हातून निघाला, मान्य आहे), आणि कागदाला दार नसते.

आता मुद्दा. उद्या सोमवार. उद्या चंद्रपूरचा भंगारवाला येणार आणि आपली गाडी ओढून नेणार, असं आपण त्याला कळवून बसला आहात. मामा, गाडी निर्दोष आहे. तिच्या अंगात काही खोट नाही, हे मी या पत्रात सिद्ध करतो. आणि सिद्ध झालं नाही तरी गाडी विकू नका, कारण गाडी गेली तर माझा धानोऱ्याचा रस्ता गेला, आणि धानोऱ्याच्या रस्त्यावर स्वाती आहे. लिहून टाकलं. आता खोडत नाही.

सुरुवातीपासून सांगतो. आपल्याला आठवत असेल, दिवाळीनंतर गाडीचा जुना डिझेल पंप, इंजिनच्या जोरावर चालणारा, कायमचा झोपला. सामान मिळेना. तेव्हा गडचिरोलीच्या स्टँडमागच्या अंकुश मिस्त्रीनं बॅटरीवर चालणारा इलेक्ट्रिक पंप बसवायचा सल्ला दिला. आपण त्याच्या गॅरेजमध्ये स्टुलावर बसून म्हणालात, "बावीस वर्सं गाडी आपल्या दमानं डिझेल पेली. आता तिले करंट देऊन पाजाचं का?" तरी बसवला. चावी फिरवली की टाकीजवळून भुंगा बांबूत शिरल्यासारखा गूं आवाज यायचा. तो आवाज आहे तोवर इंजिनाला डिझेल पोचते आहे, आवाज गेला की दोनशे पावलांत गाडी उपाशी, एवढं साधं शास्त्र. दोन महिने भुंगा झक्कास चालला. तोवर आपली कंबर गेली, माझं कॉलेज गेलं (गेलं म्हणजे मीच निघून आलो, सरांनी चार पोरांदेखत मला "तुझ्यानं हे होणार नाही" म्हटलं आणि मी प्रॅक्टिकलची वही टेबलावर ठेवून, जरा जोरात ठेवून, बाहेर पडलो) आणि स्टिअरिंग माझ्या हाती आलं.

तर तो मंगळवार. गाडीत किराण्याची पोती, येताना मोहफुलं भरायची होती. धानोऱ्याच्या अलीकडच्या वळणावर बकऱ्यांचा कळप आडवा आला, मी हॉर्न दाबला, चांगला लांबलचक दाबला (हॉर्न मस्त आहे, पाच भोंग्यांचा), बकऱ्या बाजूला झाल्या, वळण पार झालं आणि गाडी दोन आचके देऊन थांबली. थांबली ती बरोबर बुधरीबाईंच्या चहाच्या कँटीनसमोर. कँटीनच्या बाकड्यावर एक मुलगी टेबलफॅन मांडीवर घेऊन बसली होती. फॅनचं पोट उघडं होतं आणि तिच्या दातांत तार होती. तिनं ती तार काढली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आधी बकऱ्या थांबवल्या, आता गाडीबी थांबवली का?" मामा, मी आयुष्यात कोणाचा एक शब्द ऐकून घेतलेला नाही, हे आपल्याइतकं कोणाला माहीत नाही. पण त्या दिवशी मी "हो" म्हणालो. नुसतं "हो".

ती स्वाती. बुधरीबाईंची मुलगी. त्या दिवशी ती गाडीजवळ आली, बॉनेटकडे पाहून म्हणाली, "मेकॅनिकले बोलवाचं का?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मीच मेकॅनिक आहो." ही या प्रकरणातली पहिली चूक. कारण एकदा मेकॅनिक म्हटल्यावर माणसाला गाडीखाली शिरावंच लागते. मी वीस मिनिटं गाडीखाली पडून होतो. काय करत होतो ते मलाही माहीत नाही, पण पाना हातात होता आणि बाजूनं तिच्या पायातली चप्पल दिसत होती. विसाव्या मिनिटाला वर येऊन चावी फिरवली, गूं आवाज आला, गाडी चालू. तिनं मान डोलावली. मी चहा प्यालो. त्यानंतर धानोऱ्यापर्यंत कोणत्या गिअरमध्ये गेलो ते विचारू नका.

पुढच्या शुक्रवारी वळण आलं तसा मी हॉर्न वाजवला. बकऱ्या नव्हत्या. बकऱ्यांशिवायच वाजवला, आणि हॉर्नमध्ये जेवढं वाजवता येते तेवढं सगळं वाजवलं, म्हणजे तिला कळावं कोण येऊन राहिलं. गाडी कँटीनसमोर बंद. मंगळवारी पुन्हा तेच. माझ्यासारख्या माणसानं याचा काय अर्थ घ्यावा, सांगा. बावीस वर्षांची गाडी, अख्ख्या रस्त्यात कुठे अडत नाही, खड्ड्यात अडत नाही, चढावर अडत नाही, आणि फक्त एका दारासमोर अडते. मी म्हटलं, आपल्याला जे तोंडानं बोलता येत नाही ते ही गाडी बोलून राहिली. पाच आठवड्यांत सात वेळा बोलली. धानोऱ्यात लोक एकमेकांना विचारायचे, "जंगूभाऊची गाडी आली का?" "आली ना. बंद पडली म्हंजे साडेदहा वाजले."

पण खोटं कशाला सांगू, चवथ्या वेळेनंतर मला लाज वाटायला लागली. मेकॅनिक म्हणवणाऱ्याची गाडी रोज तिथेच मरते हे काही दिसायला बरं नाही. म्हणून मी दोष शोधायला लागलो, आणि माझ्या स्वभावाप्रमाणे एकदम सगळीकडे शोधायला लागलो. प्रथम डिझेल. भेसळ असणार म्हणून पेट्रोलपंपावरच्या माणसाशी भांडलो, पुरावा म्हणून एक बाटली भरून घरी आणून ठेवली, की खाली पाणी बसते का पाहू. (मामींनी तिसऱ्या दिवशी ती चूल पेटवायला वापरली. चूल चांगली पेटली, म्हणजे डिझेल चांगलं होतं. त्या माणसाची माफी मागायची राहिली आहे.) मग टाकीचं झाकण. झाकणाचं हवेचं भोक बुजलं की टाकी श्वास घेत नाही असं कोणीतरी म्हणालं, म्हणून झाकणच काढून टाकीच्या तोंडाला सैल फडकं कोंबून दोन दिवस चालवली. मग फिल्टर बदलला. मग डिझेलची नळी सोडून तोंडानं फुंकली. फुंकायच्या ऐवजी एकदा ओढली गेली. त्या दिवशी बुधरीबाईंनी दिलेल्या चहाला, पोह्याला, पाण्याला, सगळ्याला डिझेलची चव होती आणि मी तरी "मस्त झाला" म्हणून दोन बशा खाल्ल्या. मग पंपालाच पान्यानं ठोकलं. सुरू झाला. मग दर वेळी ठोकायला लागलो, इतका की पंपाला खळी पडली. धानोऱ्याचे पंक्चरवाले नागसेनभाऊ म्हणाले, "अर्थिंग लूज हाय बाप्पा," आणि त्यांनी चेसिसवरचा गंज खरवडून वायर घट्ट बसवली. सुरू झाली. त्यांनी दुकानात सगळ्यांना सांगितलं.

यात गंमत काय होती ते तेव्हा कळलं नाही, आता कळते. गाडी वीस मिनिटांनी आपोआप सुरू व्हायची. काही करा, करू नका, वीस मिनिटांनी सुरू. त्यामुळे विसाव्या मिनिटाला जो जे करत असेल तो डॉक्टर. एकदा एक आजोबा मागच्या टायरला टेकून बिडी पेटवत होते, तेवढ्यात गाडी सुरू झाली, तर ते गावभर सांगत फिरले की जंगूभाऊची गाडी त्यांनी दुरुस्त केली. आणि अंकुश मिस्त्रीकडे नेली की त्याच्या दारात भुंगा असा गायचा जसं काही झालंच नाही. तो म्हणायचा, "पंपात काई नाई, ड्रायव्हरात हाय." त्यावर मी त्याला स्टँडवर दहा लोकांत जे बोललो ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

आता आपला भाग. तो लिहिताना मी मान खाली घालून लिहितो. आपण म्हणालात की जंगलातल्या वाटेवरच्या देवाला, त्या मोहाच्या झाडाखालच्या मातीच्या घोड्यांपाशी, येणारा जाणारा प्रत्येक ड्रायव्हर तीनदा हॉर्न वाजवून सलामी देते, आणि आपला भाचा तेवढा देत नाही, म्हणून गाडी अडते. "बावीस वर्सं मी तीनदा वाजवला. एक दिवस बंद नाई पडली." मी आपलं ऐकलं. खरोखर ऐकलं, मामा. दुसऱ्याच दिवशी देवापाशी हॉर्न वाजवला. तीनदा कशाला, इतक्या दिवसांची बाकी आहे म्हणून नऊ वेळा वाजवला, आणि प्रत्येक वेळी मनात स्वातीचं नाव घेत लांबवला. गाडी देवासमोरच बंद पडली. घरी येऊन सांगितलं तर आपण म्हणालात, "पाय, देव तुही सलामीबी घेऊन नाई राह्यला." मी म्हणालो, देवाचे कान दुखत असतील. आपण म्हणालात, कॉलेज सोडून हेच शिकला का. मी म्हणालो, देवाशी कसं बोलायचं ते कॉलेजात शिकवत नाहीत. पुढे काय काय झालं ते दोघांनाही पाठ आहे. दार, भिंतीचा पोपडा आपल्या वरणात, आणि दहा दिवस हे असं. आपण चिडून भंगारवाल्याला फोन केलात. फोनवर बोलताना आपला आवाज कापत होता, तोही भिंतीतून ऐकला. त्या गाडीवर आपण मामीला लग्न करून आणलं, हे मी विसरलेलो नाही.

आता परवाचा शुक्रवार. सातवी वेळ. मी बॉनेट उघडून आत डोकं घालून उभा, आत काही दिसत नव्हतं, पण बाहेर पाहायची हिंमत नव्हती. स्वाती बाकड्यावरून उठली. मला तोवर एवढंच माहीत होतं की ती फॅन, मिक्सर दुरुस्त करते. ती गडचिरोलीच्या आयटीआयची इलेक्ट्रिशियन आहे, पास झालेली, गावातल्या शेतपंपांच्या मोटारीसुद्धा तीच पाहते, हे मला बुधरीबाईंनी त्या दिवशी सांगितलं. (सात वेळा मी तिला पंपाबद्दल माहिती देत होतो. हाताचे हावभाव करून.) ती दोन तारा लावलेला एक बल्ब घेऊन आली आणि म्हणाली, "मेकॅनिकभाऊ, जरा बाजूले व्हा." टाकीजवळ बसली, बल्बची एक तार पंपाला, एक चेसिसला. चावी फिरवायला लावली. तोवर वीस मिनिटं झाली होती, त्यामुळे भुंगा गायला लागला, बल्ब पेटला. मी म्हटलं, "पाहा, झाली चालू." ती म्हणाली, "आता हॉर्न वाजव."

"कायले?"

"वाजव म्हनते ना."

"कितीक?"

"जेवढा रोज वाजवतो तेवढा. लाजू नको."

कँटीनवरचे लोक हसले. मी वाजवला. मामा, मी वरून आरशात पाहून राहिलो होतो. हॉर्न सुरू होताच बल्ब पिवळा पडला. वाजवत गेलो तसा काजव्यासारखा झाला. भुंग्याचा गूं खाली खाली गेला, म्हातारा झाला, आणि गेला. हॉर्न सोडला तरी परत आला नाही. ती केबिनमध्ये चढली, डॅशबोर्डच्या खाली हात घातला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. मग फडक्यानं धरून तारेचा एक जोड बाहेर ओढला. एका बारीक तारेतून पंपही जेवत होता आणि पाच भोंग्यांचा हॉर्नही. जोड हातानं पिळलेला, वरची टेप करपलेली. लांब हॉर्न वाजला की जोड तापायचा, तापला की पंपाचा करंट अडायचा, आणि वीस मिनिटांनी थंड झाला की सगळं गोड. अंकुशच्या दारात मी हॉर्न कशाला वाजवीन, म्हणून त्याच्याकडे गाडी नेहमी शहाणी. आणि आपण बावीस वर्षं देवाला वाजवला तो जुना साधा हॉर्न, तेव्हा पंपही करंटवर नव्हता. म्हणजे देव निर्दोष, गाडी निर्दोष, डिझेल निर्दोष, बकऱ्या निर्दोष. ती म्हणाली, "तू आला की हॉर्न, हॉर्न झाला की गाडी बंद. दुसऱ्याच खेपेले मले समजलं होतं. पन तू मेकॅनिक ना, म्हटलं सापडन त्याले." मग विचारलं, कॉलेजात करंटचं प्रॅक्टिकल नव्हतं का. मी म्हणालो, होतं. तेच होतं जे मी टेबलावर ठेवून आलो.

त्याच दिवशी तिनं बॅटरीपासून पंपाला वेगळी जाड तार ओढली, तिला तिचा स्वतःचा फ्यूज दिला, आणि हॉर्नची तार त्या जोडातून तोडून वेगळी जोडून दिली. दोन तासांचं काम. मी टॉर्च धरून उभा होतो, हेही दुरुस्तीत मोजावं. काम झाल्यावर हात पुसत म्हणाली, "आता कितीबी वाजव. बंद नाई पडनार." हे ऐकून माझं तोंड उतरलं असावं, कारण तिनं विचारलं, काय झालं. मी जे खरं होतं ते बोललो, की मग आता मी इथे थांबू कसा. ती माझ्याकडे अशी पाहून राहिली जसं त्या पहिल्या दिवशी फॅनच्या पोटात पाहत होती. म्हणाली,

"थांबाचं असन त ब्रेक मार ना. मानसं तसेच थांबते."

काल, शनिवारी, मी ब्रेक मारून थांबलो. गाडी गडचिरोलीहून धानोऱ्याला गेली, मोहफुलं भरून परत आली, कुठे अडली नाही. वाटेत देवापाशी उतरून हात जोडले, हॉर्न न वाजवता. तरी ही गाडी भंगारात देऊ नये, भंगारवाल्याला येऊ नको म्हणून कळवावं, एवढीच या पत्राची विनंती. लहान तोंडी मोठा घास घेतला असेल तर तो डिझेलच्या चवीचा समजून सोडून द्यावा.

आपला भाचा, आठ फुटांवरून,
दिनेश

ता. क. वर "एवढीच विनंती" लिहिलं ते चुकून. खरी विनंती पुढे आहे. येत्या बुधवारी आरमोरीकडचे लोक स्वातीला पाहायला येऊन राहिले आहेत. मुलगा नोकरीवाला आहे, मोटरसायकलवाला आहे, आणि मी ऐकलं की शांत स्वभावाचा आहे. बुधरीबाईंनी काल चहा देताना, माझ्याकडे न पाहता, गाळणीकडे पाहून म्हटलं की कोणाला काही बोलायचं असेल तर त्याच्या घरचं मोठं माणूस बुधवारच्या आधी यावं. मोठं माणूस म्हणजे तुम्ही. बाबा असते तर त्यांना म्हटलं असतं. आईला एटापल्लीला फोन केला, ती म्हणाली, मामा गेला म्हंजे मीच गेली. देवांचंही पाहून घेतलं आहे, कारण सारख्याच देवांच्या कुळांत सोयरीक होत नाही: मी सहा देवांचा, ते तुमच्यासारखे सात देवांचे, म्हणजे तुमचेच भाऊबंद. तुम्ही मागायला गेलात तर ते परक्याकडे जाणं होत नाही, आपल्याच भावाच्या ओसरीवर बसणं होते. आज रविवार आहे. आज गेलो तर बरं.

आणखी एक ता. क. तुमची शपथ मोडायची गरज नाही. मी विचार करून ठेवला आहे. केबिनमध्ये तुम्ही खिडकीकडे पाहा, मी रस्त्याकडे पाहतो. गादीखाली उशी ठेवली आहे, कंबरेला धक्का बसणार नाही. तिथे पोचल्यावर तुम्ही बुधरीबाईंशी आणि स्वातीच्या बाबांशी बोला. माझ्याशी बोलूच नका. खरं तर तिथे मी बोललो नाही तर सगळ्यांसाठी चांगलं, असं स्वातीचंही मत आहे.

शेवटचा ता. क. हा मी लिहिणार नव्हतो, पण हा लिहिल्याशिवाय तुम्हाला घेऊन यायचं नाही अशी तिची अट आहे. वर मी जोडाचं सांगितलं, पण तो जोड कोणी केला ते सांगितलं नाही. शुक्रवारी तिनं विचारलं, "ही लाल टेप कोनाची?" मी म्हणालो, अंकुशची असन. तिनं माझ्या मोबाईलच्या चार्जरकडे पाहिलं. त्याला तीच लाल टेप गुंडाळलेली होती. अंकुश आयुष्यभर काळी टेप वापरतो, ते त्याच्या गॅरेजात शिरलेल्या कुत्र्यालाही माहीत आहे. अंकुशनं पंपाला त्याची तार बरोबर दिली होती. हॉर्न नंतरचा आहे. होळीच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही कंबर शेकत असताना मी तो स्वतः बसवला, हाताला लागली ती तार सोलली आणि पिळली, कारण मला तो आजच वाजायला पाहिजे होता. म्हणजे गाडी मीच आजारी केली, आणि पाच आठवड्यांचं भांडण मीच केलं, अंकुशशी, पेट्रोलपंपाशी, तुमच्याशी आणि देवाशी. काल स्वाती म्हणाली, "मामाले खरं सांग, मंग त्यायले घेऊन ये. खोटं बोलनाऱ्याच्या हाती मी तारबी देत नाई." काल संध्याकाळी अंकुशकडे जाऊन त्याची माफी मागून आलो. त्यानं ऐकून घेतलं आणि मला चहा पाजला, त्यामुळे जास्त लाज वाटली. तो पाच भोंग्यांचा हॉर्न काढला आहे. तुमच्या खाटेखाली पोत्यात आहे. उद्या भंगारवाला आलाच तर त्याला तो द्या, म्हणजे बिचाऱ्याची चक्कर वाया जायची नाही.

पेन थांबवतो, कारण मामींनी चहा गाळला आणि हात पुढे केला आहे. तुमचा पांढरा सदरा त्यांनी दोरीवरून काढून घडी करून ठेवलेला मी पाहिला, म्हणजे त्यांना हे पत्र वाचायच्या आधीपासून सगळं माहीत होतं. मी आता बाहेर जाऊन गाडीत बसतो. चावी फिरवतो. भिंतीतून भुंग्याचा आवाज येईल, तो ऐका, किती सरळ गाते. हॉर्न वाजवून बोलावणार नाही. तुम्ही याल तोवर बसून राहीन, आणि नाही आलात तरी दुपारपर्यंत बसेन.

उठलो. दार ओढून घेतो. आवाज आला नाही तर समजा, लावलं.